निवळीतली मंडळी

सरांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि नोकरीची शेवटची पंधराएक वर्षं दारू करण्यात घालवली. त्यातही मौज म्हणजे ती त्यांनी कधी केलीच नाही. दारू व्हायच्या एक पायरी अलीकडं येऊन ते थांबायचे, काचेची मोजनळी बुडवून आत किती झालीय ते बघायचे, वहीत लिहायचे आणि पिंपभर माल गटारात ओतून द्यायचे. कारण परवाना नव्हता. परवान्याशिवाय चमचाभर गाळली तरी ती हातभट्टीच, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "सर, चार भिंतींच्या आत कोण बघतंय?"

"मी बघतोय की," सर म्हणाले.

भांडगावच्या पुढं सोलापूर रस्त्याला आमची डेअरी होती. सर तिथं लॅबमध्ये केमिस्ट, मी धुण्याच्या खात्यात. डेअरीत दुधाइतकंच धुण्याला महत्त्व. टँकर, पाइप, टाक्या, कॅन, जे जे दुधाला शिवलं ते आधी कॉस्टिक सोड्यानं, मग ॲसिडनं, मग कढत पाण्यानं धुवायचं. बावीस वर्षं मी तेच केलं. त्या वाफांनी माझं नाक गेलं. आता घरात फोडणी करपली तरी बायको ओरडते तेव्हा मला कळतं. सरांच्या वेळी अर्धंमुर्धं शिल्लक होतं.

सरांचं मात्र सगळं नाकावर चालायचं. चहा आला की आधी हुंगायचे. वर्तमानपत्र उघडायच्या आधी हुंगायचे. नवीन माणूस कामाला लागला की त्याच्याशी बोलताना मान थोडी पुढं काढायचे, आणि तो गेल्यावर सांगायचे, "ह्यांच्या घरी शेळी हाय." बारा महिने डोक्याला माकडटोपी, पण नाक उघडं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लिटमसच्या पट्ट्या. जेवायला भाकरी, आणि ती कुस्करायची निवळीत.

निवळी म्हणजे पनीर किंवा श्रीखंडाचा चक्का केला की जे हिरवट पाणी उरतं ते. आम्ही सगळे त्याला पनीरचं पाणी म्हणायचो, निवळी म्हणायचे एकटे सर. आमच्याकडं ते रोज टँकर टँकर निघायचं आणि मागच्या ओढ्यात जायचं. ओढा नासला होता. उन्हाळ्यात त्याची घाण सुटली की वाडीतली माणसं मालकांच्या नावानं बोंबलत गेटवर यायची. सर खिडकीतून बघायचे आणि कळवळायचे. "दुधातली सगळी साखर आपण ओढ्याला पाजतोय," म्हणायचे. "ह्याच साखरेची स्वच्छ, पांढरी दारू हुती. परदेशात करत्यात. आपल्याला न्हाई व्हय जमायची?"

अडचण एवढीच होती की दुधातल्या साखरेला साधं यीस्ट, म्हणजे पावात घालतात ते, तोंडच लावत नाही. ती खाणारं यीस्ट वेगळं. ते सरांना दौंडात सापडलं, तेही नाकानंच. बाजारात एका चाचांचं खवा-चक्क्याचं दुकान आहे. चाचा चक्का टांगायचं फडकं नुसतं गार पाण्यात पिळून काढायचे, साबण कधी लावत नसत, का तर चक्क्याला वास लागतो. सर दुकानात शिरले आणि त्यांना पिकलेल्या पेरूचा वास आला. दुकानात पेरू नव्हता. हुंगत हुंगत ते खुंटीवरच्या ओल्या फडक्यापाशी जाऊन थांबले आणि त्यातला तळहाताएवढा तुकडा मागितला. चाचांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग टोपीकडं, आणि कात्री काढली. म्हणाले, "ले जाव सर. विरजण समजके. विरजणाला आपुन नाय बोलत नाय."

त्या तुकड्यातून सरांनी जे वाढवलं त्याला ते यीस्ट म्हणत नसत. 'मंडळी' म्हणत. सर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. मला, गेटवरच्या वॉचमनला, लॅबच्या पायरीवर झोपणाऱ्या मांजराला. तसंच मंडळींनाही. सकाळी आले की पिंपाला कान लावायचे. आत बारीक चुरचुर चालू असायची. "काय मंडळी, जेवलात का?" मग आमच्याकडं वळून रोजचं वाक्य, "झाकण सैल ठेवा. आत जिती माणसं हायेत." झाकण घट्ट लावलं तर पिंप फुटेल एवढाच त्याचा अर्थ, पण सांगायचे असे की आपण कुणाच्या दारावरून पाय वाजवत चाललोय असं वाटायचं.

पॅकिंगच्या पोरांना वाटायचं, म्हातारा आत काहीतरी भारी दडवून बसलाय. एका थर्टीफर्स्टला त्यांनी पिंपातलं दोन बादल्या उपसून नेलं आणि कपाटामागं बसून प्यायले. दुसऱ्या दिवशी पॅकिंगला माणूस नाही. सगळे संडासापुढं रांगेत. सर तिथं गेले आणि मायेनं म्हणाले, "अहो, ते जेमतेम दोन टक्क्यांचं हाय. त्यानं नशा हुत न्हाई, नुस्तं पोट साफ हुतं." मग वहीत नोंद केली, की आठ माणसांवर चाचणी झाली, जीव कुणाचा गेला नाही.

दर महिन्याला दारूबंदीच्या ऑफिसला त्यांचं एक पत्र जायचं. अक्षर मोत्यासारखं. निवळीपासून मद्यार्क तयार करण्याचा एक प्रयोग करण्यास परवानगी मिळावी. उत्तर यायचं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त तारीख नवी. मालक हसायचे. पण ओढ्याच्या तक्रारी वर गेल्या, वरून नोटीस आली, आणि मालकांचं हसू गेलं. मग मालकांनी स्वतः कुठंतरी शब्द टाकला. एके दिवशी कळलं, सरांना परवानगी मिळतेय. एकच दिवस, एकच पिंप, आणि दोन साहेबांच्या डोळ्यांदेखत. प्रयोग जमला तर मालक प्लांट घालणार होते आणि तो सरांच्या हातात देणार होते. नाही जमला तर पाणी शुद्ध करायची मशिनरी बसवायची आणि विषय बंद. सरांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने राहिले होते.

साहेब शुक्रवारी येणार होते. मंगळवारी सर परवानगीचा कागद आणायला पुण्याला गेले.

पुढचं मी एवढी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मंगळवारी मी सरांचं पिंप धुतलं.

चांगल्या मनानं धुतलं. मोठी माणसं येणार, आणि पिंप बघावं तर बाहेरून ओघळ वाळलेले, आत बॅटरी मारली तर तळाला चार बोटं करडा गाळ. माझ्या खात्याची लाज वाटली मला. डेअरीतल्या माणसाला गाळ दिसला की हात शिवशिवतात, त्याला दुसरं काही सुचतच नाही. कॉस्टिक फिरवलं, ॲसिड फिरवलं, कढत पाणी तीनदा सोडलं. पिंप आतून आरशासारखं झालं. बुधवारी सकाळी सर यायच्या आत त्यात ताजी निवळी भरून ठेवली, म्हटलं सर खूश होतील.

सर खूश झाले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता. भरलेलं पिंप बघून माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही माझं निम्मं काम केलंत," म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी कान लावला. चुरचुर नाही. पुन्हा लावला. शेजारी मालक उभे होते. मालकांनी विचारलं, "काय झालं?"

"गारठा हाय. उशीर लागतोय," सर म्हणाले. "काळजी नको. खाली वर्षानुवर्षांचा गाळ हाय. मंडळी गाळातच असत्यात. म्हणून तर मी पिंप कवाच धुतलं न्हाई आन् कुणाला सांगितलं बी न्हाई. ही एवढीच तर माझी विद्या हाय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर सरांनी काहीतरी केलं असतं. त्यांच्या घरी मंडळींची एक बाटली असायची, फ्रिजच्या दारात, ठेवणीतली. त्यातून पिंपभर नाही, पण साहेबांना दाखवण्यापुरतं दहा लिटर तरी उद्यापर्यंत उठलं असतं. पण मालक म्हणाले, "ह्यात कुणी घाण केली असंल तर त्याला गेटच्या बाहेर काढीन." आणि मी गप्प बसलो. दुपारी सर एकटे सापडले तेव्हाही गप्प बसलो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ते स्वतःची शाल पिंपाभोवती गुंडाळत होते, तेव्हाही मला सांगता आलं नाही. मी भ्यालो. एवढंच त्याचं कारण आहे, बाकी काही नाही.

शुक्रवारी साहेब आले. दारू गाळायचं काचेचं सगळं यंत्र धुऊनपुसून मांडलं होतं. सरांनी टोपी काढली होती, त्यांचे केस मी पहिल्यांदाच बघितले. मोजनळी पिंपात सोडली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शून्य. मंडळी आली न्हाईत. माझं चुकलं." साहेब भले होते. त्यांनी चहा घेतला, कागदावर 'प्रयोग अयशस्वी' असं लिहिलं, सरांना सही करायला दिली. सरांनी त्याच मोत्यासारख्या अक्षरात सही केली.

सोमवारी आम्ही चहाला उभे होतो. सर बशीतला चहा न हुंगता प्यायले. म्हणाले, "घरची बाटली ओतली मोरीत. जातच कच्ची निघाली. ऐन वेळंला दगा देणारी मंडळी ठेवून काय करायचं?"

माझ्या हातात कप होता. मंडळींतले शेवटचे त्या बाटलीत होते, आणि तेही गेले. पिंप धुतलं ती माझी चूक होती. बाटली गेली ते मात्र माझ्या गप्प बसण्यानं, आणि ते चुकून झालेलं नव्हतं.

सर निवृत्त झाले. डेअरीत मशिनरी बसली, ओढा सुधारला, खरं तर चांगलंच झालं. मी पुढं सणसवाडीच्या एका कंपनीत धुण्याच्याच कामाला लागलो आणि शिरूरला राहायला आलो. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे दोन-दोन तास जायचे, घरी आलो की बूट काढायचाही कंटाळा. सरांना भेटायचं म्हणजे न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून दौंड, अवघड काहीच नाही. पण मी चार वर्षं गेलो नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग कुणाकडून तरी कळलं की सर अंथरुणाला आहेत. गेलो. खाटेवर टोपी तीच, आतला माणूस अर्धा झालेला. मला बघून हसले. "या. तुमच्या कंपनीत कॉस्टिकच हाय का अजून?" म्हणाले. उशाखालून वही काढून माझ्या हातात दिली. चार वर्षं ते एकच काम करत होते. मंडळी का आली नाहीत त्याची कारणं शोधत होते. एकाखाली एक, अक्षर पुढं पुढं थरथरतं. गारठा. गाईंना दिलेलं औषध दुधात उतरलं असेल. निवळी जास्त आंबट. निवळी कमी आंबट. पिंपाचा धातू. प्रत्येकापुढं का नाही त्याचा खुलासा आणि काट. अशी एकोणतीस. शेवटचं तेवढं काट न मारलेलं होतं. 'माझं नाक. पहिल्यापासून चुकीची मंडळी धरली. पंधरा वर्षं वाया.'

ते वाचलं आणि मला राहवलं नाही. मी खाटेपाशी खाली बसलो आणि सांगून टाकलं.

सर छताकडं बघत होते. मग विचारलं, "मंगळवारी?"

"व्हय सर."

"आन् गुरवारी मी कान लावला तवा तुला ठावं हुतं?"

तू. सरांनी मांजरालाही कधी तू म्हटलं नव्हतं.

"व्हय."

"माझ्या हातानं बाटली वतली रं मी," सर म्हणाले. आवाज फाटला. "माझ्या हातानं. आन् तू चा पीत हुतास." मग भिंतीकडं तोंड केलं. "जा. उठ हितनं."

मी उठलो. बसमध्ये चौफुल्यापर्यंत उभाच होतो, जागा होती तरी.

आठव्या दिवशी दुपारी फोन आला. मी कंपनीत होतो. नमस्कार नाही, काही नाही.

"कॉस्टिक किती टक्के हुतं?"

"दीड, सर."

"गरम?"

"ऐंशी डिग्री."

"आन् वर ॲसिड?"

"व्हय सर. रोजच्यासारखंच."

मग ते म्हणाले, "त्यात कोण जगंल? म्हंजी मंडळी चांगली हुती. मंडळींचा काय दोष न्हवता." आवाज हलका झाला होता. "नाकाचा बी न्हवता. तीस नंबरला लिवून घेतलं. ऐका आता. तुम्ही चाचांकडं जावा."

तुम्ही म्हणाले. मी मशीनच्या आड जाऊन डोळे पुसले.

चाचा अजून दुकानात बसतात. फडक्यांना आता सून साबण लावते, पण माळ्यावरच्या एका जुन्या पातेल्याच्या तोंडाला बांधलेलं जुनं फडकं निघालं, वाळून पापड झालेलं. मी कशाला पाहिजे ते सांगायला लागलो तर चाचांनी हात वर केला. "टोपीवाले सर ना? ले जाव. विरजण समजके."

सरांनी फोनवर सगळं सांगितलं. घरीच पनीर करायचं, निवळी उकळून गार करायची, बरणीत घालायची, त्यात फडक्याचा तुकडा, झाकण सैल. बायकोला मी एवढंच बोललो की सरांचं काहीतरी औषध आहे. तिनं बरणी ओट्याच्या कडेला सरकवली आणि नाकाला पदर लावला. पनीर मात्र तिला आवडायचं.

रोज दुपारी फोन यायचा. एकच शब्द. "फेस?"

"न्हाई सर."

"थांबा. मंडळी लाजरी हायेत. तुमच्या घरात नवीन हायेत."

पहिल्या बरणीला बुरशी आली. दुसरी नुसतीच आंबली. तिसरीच्या वेळी फोन दिवसाआड यायला लागले, आवाज खोल गेलेला. "धूत न्हाई ना तुम्ही काई?" असं एकदा विचारलं आणि खुसखुसले. तो त्यांचा शेवटचा फोन. चौथी बरणी भरली त्याच आठवड्यात सर गेले. दौंडला जाऊन आलो. त्यांची वही घरच्यांनी मला दिली, त्यांना तिचं काय करायचं ते समजत नव्हतं.

खरं म्हणजे तेव्हाच सोडून द्यायला हवं होतं. मी दमलो होतो. कामावरून येऊन दूध तापवायचं, फाडायचं, गाळायचं, ते कुणासाठी? पण बरणी फेकायला उचलली की हात थांबायचा. एक बाटली आधीच माझ्यामुळं मोरीत गेली होती. पाचवी भरली. सहावी भरली. फडक्याचे तुकडे संपत आले. जे उरलं ते खुंटीवर टांगून ठेवलं होतं. बायको रोज ते धुवायला मागायची आणि मी रोज नको म्हणायचो. बावीस वर्षं डेअरीत धुण्याचं काम केलेला माणूस एका फडक्यासाठी भांडत होता.

सातव्या बरणीला फेस आला. चैत्र संपत आला होता. पण फेस वाईट गोष्टींनाही येतो, कान लावला तरी तेवढ्यावरून खात्री होत नाही. मंडळी तीच का, हे सांगणारं नाक एकच होतं, आणि ते गेलं होतं. मी बरणीत तोंड घालून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. मला ना निवळीचा वास येत होता, ना दुधाचा. ओट्यापाशी तसाच उभा राहिलो.

बायको बाजारातून आली. पिशवी खाली ठेवली आणि दारातच थबकली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, फ्रिज उघडून बघितला.

"कुठं ठेवलंत?" म्हणाली.

"काय?"

"पेरू. कुणी दिलं ह्या दिसांत?"

मी खाली फरशीवर बसलो आणि मोठमोठ्यानं रडायला लागलो. ती घाबरली, काय झालं, काय झालं म्हणत माझ्याशेजारी बसली. मी हातानंच बरणी दाखवली.

"झाकण," मी म्हटलं. "झाकण सैल कर."